वाचकांचे प्रश्न : दोन जुने संगणक, मॉनिटर एकच

प्रश्न : कमोडोर ६४ आणि अमिगा ५०० हे दोन्ही संगणक मला कमोडोर १०८४एस या एकाच मॉनिटरवर चालवायचे आहेत. दर वेळी मागच्या वायरी बदलाव्या लागतात. मध्ये स्विच बॉक्स लावू का?

उत्तर : चित्रासाठी नको. या मॉनिटरला आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांवर) आणि लुमा-क्रोमा (उजेड एका तारेवर, रंग दुसऱ्या) असे दोन वेगळे इनपुट आहेत, आणि निवडीची बटणं त्याच्यावरच आहेत. अमिगा आरजीबीला जोडा, ६४ लुमा-क्रोमाला. दोन्ही वायरी कायम लावून ठेवल्या तरी चालतं.

६४च्या मागचं व्हिडिओ सॉकेट ८ पिनी डिन (गोल सॉकेट) असेल, तर पिन १ लुमा, २ ग्राउंड, ३ आवाज आणि ६ क्रोमा. प्लगवरचे आकडे ओळीने नसतात, त्यामुळे मोजत बसू नका. प्लास्टिकवर कोरलेले आकडे भिंगातून पाहा. बाजारातले सगळे ८ पिनी डिन प्लग सारखे नसतात. पिनांचा कंस बघा : ६४ला २६२ अंशांचा लागतो, २७० अंशांचा बसत नाही. अगदी सुरुवातीच्या ६४वर ५ पिनी सॉकेट आहे. त्यात क्रोमा नाही, तेव्हा पिन ४वरच्या कंपोझिटवर (उजेड आणि रंग एकाच तारेत) भागवावं लागतं.

चित्र स्वच्छ पण काळं-पांढरं दिसलं, तर वायर तोडायच्या आधी मॉनिटरचं बटण बघा. ते बहुतेक कंपोझिटवर असतं, आणि मॉनिटर फक्त लुमा वाचत असतो.

अमिगाच्या २३ पिनी सॉकेटवर ३, ४, ५ हे लाल, हिरवा, निळा. मॉनिटरचं आरजीबी सॉकेट ९ पिनी असेल तर तिथेही हेच तीन आकडे, म्हणून वायर सरळ जाते. अमिगाची १० (कंपोझिट सिंक, म्हणजे चित्र जागेवर धरणारा इशारा) मॉनिटरच्या ७ला आणि १६ ही ग्राउंड १ला. काही १०८४वर ९ पिनीऐवजी डिन सॉकेट असतं. त्याची जोडणी वेगळी, ती मागच्या पट्टीवरून किंवा मॅन्युअलमधून घ्या. २३ पिनी प्लग सहज मिळत नाही, म्हणून २५ पिनी मादी प्लगच्या एका टोकाच्या दोन पिना कापून वापरतात. याच सॉकेटवर २२ला १२ व्होल्ट आणि २३ला ५ व्होल्ट असतात. दोन्ही यंत्रं बंद करूनच प्लग लावा-काढा.

प्रश्न : आणि आवाज? दोन्हींच्या वायरी वाय-जोडणीने एकत्र केल्या तर?

उत्तर : करू नका. एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटवर भार टाकतं, आवाज बारीक आणि फाटका येतो. दुसरा संगणक बंद असला तरीही. सहा पायांचा डबल पोल टॉगल स्विच घ्या. मधले दोन पाय मॉनिटरच्या डाव्या-उजव्या इनपुटला, एका बाजूचे दोन अमिगाच्या डाव्या-उजव्याला. दुसऱ्या बाजूचे दोन पाय आपसात जोडून त्यांना ६४ची पिन ३ द्या, कारण ६४चा आवाज मोनो आहे. ग्राउंड तिन्हींची एकत्र.

प्रश्न : १०८४एसऐवजी घरातला व्हीजीए एलसीडी चालेल का?

उत्तर : नुसत्या अडॅप्टरने नाही, तो फक्त प्लगचा आकार बदलतो. पाल (टीव्हीची एक पद्धत) अमिगाच्या चित्राच्या रेषा सेकंदाला १५,६२५ वेळा येतात, तर साधा व्हीजीए पडदा साधारण ३१,५०० पासून पुढे घेतो. म्हणून ‘आउट ऑफ रेंज’ येतं. मध्ये रूपांतर करणारं यंत्र हवंच, आणि घेताना त्याची सॉकेटं नीट बघा. ओएसएससी हा असाच एक रूपांतरक अमिगाचं आरजीबी छान दाखवतो, पण त्याला कंपोझिट किंवा एस-व्हिडिओ (म्हणजे लुमा-क्रोमाच) इनपुट नाही, म्हणजे तुमचा ६४ बाहेरच राहील. दोन्ही इनपुट असलेलं यंत्र महाग पडतं, तरी एकाच पडद्याचा हट्ट असेल तर तेच घ्या. ६४ एस-व्हिडिओला जोडताना क्रोमाच्या वायरीत सुमारे ३०० ओहमचा रेझिस्टर ओळीत घाला. ६४चा क्रोमा एस-व्हिडिओच्या मानाने जोरकस असतो, नाहीतर रंग भडक येऊन पसरतात. १०८४एसला हा रेझिस्टर लागत नाही.