ए. के. हंगल खरंच पन्नाशीनंतर सिनेमात आले का?

हो, खरंय. हंगलांचा जन्म 1914 चा, सियालकोटचा. लहानपण पेशावरला गेलं, नंतर कपडे शिवायचं काम शिकले आणि त्यावरच पोट भरायचे, सोबत नाटक आणि स्वातंत्र्याची चळवळ चालूच. कराचीत कम्युनिस्ट पक्षाचं काम करताना तुरुंगातही गेले आणि फाळणीनंतर 1949 ला मुंबईत आले. इथे इप्टा या नाट्यसंस्थेमधे बलराज साहनींसोबत नाटकं केली. सिनेमा 1966 च्या आसपास, म्हणजे बावन्नाव्या वर्षी, म्हणून तर आपण त्यांना पडद्यावर कधी तरुण बघितलंच नाही.

शोलेमधला आंधळा इमाम सगळ्यांना आठवतो, पोराचं प्रेत समोर आणि ते विचारतात इतना सन्नाटा क्यों है भाई, तो पोरगा म्हणजे आपला सचिन पिळगावकर. अजिबात ओरडाआरडा नाही, नुसते चाचपडत पुढे येतात, मला तर आजही बघवत नाही तो सीन. पण नमक हराममधला युनियन लीडर पण नक्की बघा, चळवळीतला माणूस असल्यामुळे तिथे ते अभिनय करतायत असं वाटतच नाही. शौकीनमधे तर चक्क रंगेल म्हातारा! 2006 ला पद्मभूषण मिळालं, 2012 ला मुंबईतच वारले.