दादरच्या चष्म्याच्या दुकानातले ऑप्टोमेट्रिस्ट आईचे काचबिंदूचे थेंब बदलून देतील का?
नाही, थेंब बदलणं नेत्रतज्ज्ञाचं काम. आपल्याकडे ऑप्टोमेट्रिस्ट काचबिंदूची औषधं लिहून देत नाहीत. डोळ्याचा दाब मोजणं, फील्ड टेस्ट (नजरेचा घेर तपासणं) करणं, शंका आली तर पुढे पाठवणं हे ते करतात. (नुसत्या आकड्यावर जाऊ नका, दाब नेहमीच्या मर्यादेत, म्हणजे २१ mmHg च्या आत असूनही काचबिंदू असू शकतो.) पण आधी आई थेंब कसे टाकतात ते बघा, बऱ्याचदा गडबड तिथेच असते. एकच थेंब पुरे, जास्तीचा गालावरच ओघळतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने २ मिनिटं दाबायचा, नाहीतर औषध नाकात उतरून रक्तात जातं. दुसऱ्या बाटलीतलं औषधही टाकायचं असेल तर ते ५ मिनिटांनी. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. टिमोलॉल या काचबिंदूच्या थेंबांनी धाप वाढू शकते.