‘एअर डिफेन्स कमांडर’ची पदवी कुठे मिळते?

‘सर, मी अकरावी सायन्सला आहे. मलबार युद्धसरावाचे व्हिडिओ पाहून ठरवलंय, एअर डिफेन्स कमांडर होऊन युद्धनौकांच्या ताफ्याचं हवाई संरक्षण सांभाळायचं. याची पदवी कुठे मिळते? आणि मुलींना युद्धनौकेवर घेतात का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. घेतात. 2023 मध्ये लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे आयएनएस त्रिंकटची धुरा सोपवली गेली. युद्धनौकेची कमान एका महिलेकडे येण्याची नौदलातली ती पहिलीच वेळ.

पदवी मात्र अशी नसतेच. कुणी ‘डिफेन्स कमांड’चा डिप्लोमा विकत असेल, तर बाबांचे पैसे वाचव. हे काम नौदलात शिरल्यावर, बऱ्याच वर्षांनी वाट्याला येतं. आत शिरायला एनडीए, किंवा जेईई मेनच्या रँकवर केरळातल्या एझिमलाच्या नौदल अकादमीतलं बी.टेक. दोन्हीकडे पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) हवं, दोन्हीकडे एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, मुलाखत. शाखा एक्झिक्युटिव्ह, म्हणजे जहाज चालवणारी आणि लढवणारी. तोफा-क्षेपणास्त्रांचं प्रशिक्षण पुढे कोचीत, आयएनएस द्रोणाचार्यवर.

व्हिडिओत तुला डेक आणि विमानं दिसली. खरं काम चालतं ते बिनखिडकीच्या ऑप्स रूममध्ये, म्हणजे जहाजाच्या लढाई-नियंत्रण कक्षात. साधं गणित कर. रडार पाण्यापासून 25 मीटर उंच, क्षेपणास्त्र लाटांवरून 4 मीटरवर. पृथ्वीच्या गोलाईमुळे ते जेमतेम 29 किलोमीटरवर आल्यावर दिसतं. सेकंदाला 300 मीटर वेग धर. हातात उरतं दीड मिनिट. तेवढ्यात ते शत्रूचंच आहे ना, कोणत्या जहाजाने पाडायचं, मध्ये आपलं विमान तर नाही, हे सगळं ठरवायचं. म्हणून तर कामोव्ह-31 हेलिकॉप्टर रडार घेऊन वर जातं: उंचावरून लवकर दिसतं.

संयुक्त सरावात हाच गुंता वाढतो. 1992 मध्ये भारत-अमेरिकेपुरता सुरू झालेल्या मलबारमध्ये आता जपान आणि ऑस्ट्रेलियाही असतात. सगळ्यांच्या पडद्यावर एकच चित्र उमटेलच असं नाही. मग दिशा, अंतर, उंची रेडिओवर बोलून सांगावी लागते. शिवाय समन्वय एका जहाजाकडे असला, तरी मारा कधी करायचा याचे नियम ज्याच्या त्याच्या देशाचे. सरावात खरी परीक्षा होते ती याची, नेमबाजीची नंतर.

तेव्हा आत्ता दोन गोष्टी कर. डोळे आणि रंगदृष्टी तपासून घे. या शाखेत निकष कडक आहेत. आणि मैत्रिणीला न दाखवता, नुसतं इंग्रजीत बोलून, तुझ्या हातातला नकाशा तिच्याकडून कागदावर काढून घे. वेळ दीड मिनिट.