वाचकांचे प्रश्न : माउंटन बाइक घडवणारे छोटे कारखाने कुठे गेले?

प्रश्न : माझे मामा 1990च्या सुमारास अमेरिकेत होते. त्यांनी तिथे घेतलेली ‘फॅट चान्स’ नावाची पोलादी माउंटन बाइक आता माझ्याकडे आली आहे आणि मी ती येऊरच्या रस्त्यावर चालवतो. मुंबईतल्या कोणत्याही दुकानात हे नाव ओळखीचे निघाले नाही. मामा म्हणतात, त्या काळी अशा छोट्या कारखान्यांचा फार दबदबा होता. मग ते टिकले का नाहीत? आणि या सायकलला आजचा सस्पेन्शनचा (धक्के शोषणारा) पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, बसेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : मामांचे म्हणणे अगदी खरे आहे. आपली सायकल बॉस्टनला लागून असलेल्या सॉमरव्हिल गावातील ‘फॅट सिटी सायकल्स’ या कारखान्यात बनली असणार. क्रिस चान्स यांनी तो 1982 मध्ये सुरू केला. डोक्याच्या नळीला (हँडलखालच्या आखूड उभ्या नळीला) खालची तिरकी नळी जिथे मिळते तो सांधा उजेडात धरून पाहावा. एकावर एक कललेल्या नाण्यांच्या चळतीसारखी वेल्डिंगची बारीक, एकसारखी ओळ तिथे दिसेल. ही हाताची करामत होती आणि गिऱ्हाईक तिचेच पैसे मोजत असे.

मुळात माउंटन बाइकचा जन्मच अशा छोट्या जागांमधून झाला. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत जुन्या जड सायकली डोंगरावरून उतरवणाऱ्या मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी 1977 मध्ये खास या कामासाठी पहिली फ्रेम घडवली. टॉम रिची फ्रेम बनवत, तर गॅरी फिशर आणि चार्ली केली त्या विकत. मोठ्या कंपन्यांना हा बाजार दिसला तो 1981 मध्ये, जेव्हा स्पेशलाइज्ड या अमेरिकी कंपनीने ‘स्टम्पजंपर’ ही माउंटन बाइक जपानमध्ये बनवून घेऊन दुकानांत आणली. तरीही पुढची दहा-बारा वर्षे छोट्यांचा मान टिकला, कारण तेव्हाची सायकल म्हणजे पोलादी नळ्यांची फ्रेम आणि साधा चिमटा एवढेच होते, आणि उत्तम नळ्या, एक जिग (वेल्डिंग करताना नळ्या नेमक्या जागी धरणारी चौकट), एक वेल्डिंगचा संच आणि तयार हात असला की चार माणसांचा कारखानाही जगातील सर्वोत्तम फ्रेम बनवू शकत होता.

माझ्या मते या कारखान्यांचा ऱ्हास त्यांचे काम खालावल्यामुळे झाला नाही. सायकलच अशी बदलली की तो हात पुरेसा राहिला नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्डिंगनंतर भट्टीत तापवून पुन्हा मजबूत करावी लागते, आणि अशी भट्टी छोट्या गाळ्यात परवडत नाही. मागचे सस्पेन्शन आले तेव्हा बेअरिंग, सांधे आणि शॉक यांचे गणित आले, आणि त्याबरोबर पेटंटही आली. मागच्या सस्पेन्शनसाठी हॉर्स्ट लाइटनर यांनी काढलेल्या गाजलेल्या सांध्याचे पेटंट 1998 मध्ये स्पेशलाइज्डने विकत घेतले. कार्बनसाठी तर प्रत्येक मापाच्या फ्रेमला वेगळा, महागडा साचा लागतो. तो खर्च हजारो फ्रेमवर विभागला गेला तरच निघतो, आणि वर्षाला काहीशे फ्रेम बनवणाऱ्याच्या तो डोक्यावर बसतो. तोपर्यंत तैवानच्या कारखान्यांनी उत्तम वेल्डिंग कमी खर्चात करून दाखवले होते, हेही मान्य केले पाहिजे.

भांडवल संपले तशी नावे विकली गेली. ट्रेक या मोठ्या अमेरिकी कंपनीने 1993 मध्ये गॅरी फिशर आणि 1995 मध्ये क्लाइन व बॉन्ट्रेगर ही सायकलींची नावे विकत घेतली. फॅट सिटी 1994 मध्ये विकली जाऊन तिचे काम न्यूयॉर्क राज्यात हलले. मागे राहिलेल्या काही कारागिरांनी 1995 मध्ये ‘इंडिपेंडंट फॅब्रिकेशन’ काढली. आपल्या वरळीच्या हिंद सायकलचे 1980 मध्ये राष्ट्रीयीकरण करावे लागले, ती मोठ्या कारखान्याची गोष्ट होती. इथे मात्र कारखाना गेला तरी नाव राहिले आणि ते दुसऱ्याच्या फ्रेमवर चिकटवले गेले. मला हे बंद पडण्यापेक्षा अधिक क्लेशदायक वाटते.

यानंतर मापे बदलत राहिली. 26 इंची चाकांच्या जागी 29 आणि 27.5 इंची आली. मागच्या हबची रुंदी 135 मिलिमीटरवरून 148 वर गेली. प्रत्येक बदलाला छोट्या कारखान्याला जिग आणि आराखडा नव्याने करावा लागे. ‘ट्रू टेम्पर’ने 2016च्या अखेरीस सायकलच्या नळ्या बनवणेच थांबवले. करोनाकाळात मागणी उसळली आणि नंतर गोदामे तुंबली, तेव्हा जुनी नावेही डळमळली: इंग्लंडमधील हॅलिफॅक्सची ‘ऑरेंज’ ही सायकल कंपनी जानेवारी 2024 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेपर्यंत पोहोचली आणि मग सावरली. आज टिकून आहेत ते बहुतांशी पोलाद किंवा टायटॅनियमच्या फ्रेम मागणीप्रमाणे बनवणारे.

आता चिमट्याविषयी. आजचा सस्पेन्शनचा चिमटा कृपया बसवू नये. आपली फ्रेम सुमारे 40 सेंटीमीटर उंचीच्या चिमट्यासाठी आखलेली आहे आणि आजचे बहुतेक चिमटे 50 सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच असतात. तसा चिमटा लावल्यास सायकलचे पुढचे तोंड वर उचलले जाईल, हँडल जड होईल आणि डोक्याच्या नळीच्या सांध्यावर नको तेवढा ताण येईल. शिवाय आजच्या चिमट्याची दांडी खाली रुंद होत जाते. ती आपल्या सरळ, अरुंद नळीत शिरणारच नाही. मूळ चिमटा ठेवावा. आराम हवा असल्यास फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद 26 इंची टायर घालून हवा थोडी कमी ठेवावी.

मुंबईच्या हवेत या फ्रेमला खरा धोका आतल्या गंजाचा आहे. पावसाळ्याआधी सीटची दांडी काढून नळीत गंजरोधक तेल फवारावे, फ्रेम फिरवून ते सगळीकडे पसरू द्यावे आणि पेडलच्या आसाची नळी उघडून तिथे साचलेले पाणी काढावे. सीटच्या दांडीला ग्रीस लावूनच ती परत बसवावी, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत ती आत अशी धरते की काढताना फ्रेमच खराब होण्याची भीती असते.