‘होतो’ म्हणजे ‘हॅड’ नव्हे

प्रश्न : मी दिंडोरी रस्त्यावरील एका द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाउसमध्ये काम करते. परदेशी खरेदीदाराला मेल पाठवताना मी ‘वुई हॅड सेंट द कंटेनर यस्टर्डे’ असे लिहिले आणि आमच्या वरिष्ठांनी त्यातला ‘हॅड’ खोडला. मराठीत तर आपण ‘काल कंटेनर पाठवला होता’ असेच म्हणतो. मग चूक कोठे झाली? ‘हॅव सेंट’ चालले असते का?
– एक वाचक, म्हसरूळ, नाशिक

उत्तर : तुमच्या वरिष्ठांनी ‘हॅड’ खोडला ते योग्यच केले. ‘वुई सेंट द कंटेनर यस्टर्डे’ एवढेच वाक्य पुरेसे आहे. ही चूक मराठी माणसाच्या हातून वारंवार होते, कारण ‘होता’ दिसला की ‘हॅड’ लिहायचे, असे आपण शाळेपासून मनाशी धरून बसलेलो असतो. प्रत्यक्षात मराठीतला ‘होता’ पुष्कळ कामे करतो. ‘काल मी त्र्यंबकला गेलो होतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा जाऊन परत आलो, हेही त्यात सांगून होते. नुसते ‘काल मी त्र्यंबकला गेलो’ म्हटले, तर ऐकणारा ‘मग?’ म्हणून पुढची हकीकत ऐकायला थांबतो. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी साधा भूतकाळ, म्हणजे ‘आय वेंट’, चालतो.

‘हॅड’ची खरी गरज पडते ती भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधी कोणती घडली हे दाखवायचे असते तेव्हा. तुमच्याच कामातले उदाहरण घेऊ. खोक्यांवरचे लेबल बदलायला सांगण्यासाठी खरेदीदाराने फोन केला, पण ट्रक त्यापूर्वीच न्हावाशेवा बंदराकडे रवाना झाला होता. येथे ‘द ट्रक हॅड लेफ्ट व्हेन यू कॉल्ड’ असेच लिहावे लागेल. ‘द ट्रक लेफ्ट व्हेन यू कॉल्ड’ असे लिहिले, तर फोन आला आणि त्यावर ट्रक निघाला, असा अर्थ होईल, आणि लेबल न बदलल्याचा दोष तुमच्या माथी येईल. एका ‘हॅड’वर एवढे अवलंबून असते, म्हणूनच तो जेथे नको तेथे वापरू नये, असे मी आग्रहाने सांगते.

आता ‘हॅव सेंट’विषयी. ‘वुई हॅव सेंट द कंटेनर’ हे वाक्य निर्दोष आहे, मात्र त्याला ‘यस्टर्डे’ जोडता येत नाही. मराठीत ‘पैसे कालच दिले आहेत’ हे अगदी स्वाभाविक वाटते. परंतु इंग्रजीत काल, गेल्या सोमवारी, १९९९ मध्ये असा संपलेला काळ वाक्यात आला, की क्रियापद साध्या भूतकाळातच ठेवावे लागते. काळाचा उल्लेख नसला तरी तो संपलेला असू शकतो. कुसुमाग्रजांनी नाशिकमध्ये कितीतरी वर्षे वास्तव्य केले, हे सांगताना ‘लिव्ड’ हवे, कारण १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. तुम्ही मात्र दहा वर्षांपासून म्हसरूळला राहत असाल आणि आजही तेथेच असाल, तर ‘हॅव लिव्ड’ म्हणावे.

याउलट, मराठी भूतकाळाला इंग्रजीत भूतकाळ नको, अशीही स्थळे आहेत. दारावरची बेल वाजल्यावर आपण ‘आलेच’ म्हणतो, तेव्हा अजून जागेवरून उठलेलोही नसतो. त्याला ‘आय केम’ नव्हे, ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हणतात.

प्रश्न : सहावीतल्या माझ्या मुलीने ‘शी डिडन्ट वेंट’ असे लिहिले आणि तिचा गुण गेला. वाक्य भूतकाळातले असताना ‘गो’ कसे बरोबर, असे ती विचारते. मलाही उत्तर देता आले नाही.
– एक पालक, पंचवटी, नाशिक

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे. ‘ती गेली’ आणि ‘ती गेली नाही’ या दोन्हींत मराठीने ‘गेली’ कायम ठेवले, म्हणून तिनेही ‘वेंट’ कायम ठेवले. तिला ‘ती जात नव्हती’ हे वाक्य दाखवा. त्यात भूतकाळ ‘नव्हती’ने दाखवला आणि ‘जात’ तसेच राहिले. अर्थ वेगळा असला, तरी घडण तीच आहे: ‘डिड’ने भूतकाळ दाखवला, की पुढचे क्रियापद मूळ रूपात राहते. प्रश्नातही तेच, ‘डिड शी गो?’ ‘वॉज’, ‘वेअर’ आणि ‘कुड’सारखी साहाय्यक क्रियापदे यांना मात्र ‘डिड’ लागत नाही.

‘गो’चे ‘वेंट’ कसे झाले, असेही ती कधीतरी विचारील. ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या निराळ्या क्रियापदाचे रूप आहे. ते ‘गो’ला येऊन चिकटले. आपल्याकडेही ‘जा’ हे संस्कृतातील ‘या’ धातूपासून आले आणि ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून. ‘जाला’ न म्हणता ‘गेला’ म्हणायला ती घरात ऐकून शिकली, पाठ करून नव्हे. तेव्हा क्रियापदांच्या रूपांचा तक्ता तूर्त बाजूला ठेवा. रोज संध्याकाळी तिला शाळेतली हकीकत चार-पाच इंग्रजी वाक्यांत सांगू द्या आणि मधूनमधून ‘डिड’ने सुरू होणारा एखादा प्रश्न तुम्ही विचारा. ‘डिड यू ईट युअर टिफिन?’ याला ‘नो, आय डिडन्ट ईट’ असे उत्तर तिच्या तोंडून सहज येऊ लागले, की वहीतले ‘डिडन्ट वेंट’ तिच्या कानालाच खटकेल.