सभागृहात बहुमत बदललं, तर ग्रीन कार्ड लवकर मिळेल?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत दोघं कित्येक वर्षं उभे आहेत. शिवाजी पार्कात सकाळी फिरायला येणारी आमची मंडळी म्हणतात, नोव्हेंबर २०२६च्या निवडणुकीत प्रतिनिधीगृह डेमोक्रॅट्सकडे गेलं की ट्रम्प यांचे हात बांधले जातील आणि आपल्या मुलांची सुटका होईल. यात तथ्य किती?
– एक वाचक, दादर

उत्तर : हात काही प्रमाणात बांधले जातील, हे खरं. पण त्यामुळे मुलांची सुटका होईल, यावर कृपा करून विसंबू नका. या आशेवर मुंबईतली कितीतरी घरं लग्नं, घरखरेदी, आईवडिलांची सोय असे मोठे निर्णय लांबणीवर टाकतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात, प्रतिनिधीगृह आणि सिनेट ही तिची दोन सभागृहं. प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागा दर दोन वर्षांनी निवडणुकीला लागतात. बहुमत गेलं तरी अध्यक्ष जागचे हलत नाहीत. आपल्याकडे लोकसभेचा विश्वास गमावला की पंतप्रधानांना जावं लागतं, तसं तिथे नाही. विरोधकांच्या हाती येतात त्या समित्या, साक्षीदारांना समन्स काढण्याचे अधिकार आणि खर्चाच्या विधेयकांवरची पकड. म्हणजे नको असलेला कायदा अडवायची ताकद येते. हवा तो कायदा करून घ्यायला सिनेट लागतं, तिथे बहुतेक विधेयकांना १०० पैकी ६० मतं लागतात आणि वर अध्यक्षांची सही.

२०१९ साली काय झालं ते आठवा. प्रतिनिधीगृह नुकतंच डेमोक्रॅट्सकडे गेलं होतं. सीमेवरच्या भिंतीला त्यांनी पैसे दिले नाहीत, तेव्हा ट्रम्प यांनी फेब्रुवारीत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून दुसरीकडचा निधी तिकडे वळवला. ती आणीबाणी उठवण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटमध्येसुद्धा. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोन तृतीयांश मतं हवी होती. प्रतिनिधीगृहात २४८ विरुद्ध १८१ एवढीच पडली.

आता तुमच्या घरचा विषय. मुलीच्या आयुष्यातल्या कुठल्या गोष्टी कायद्यात आहेत आणि कुठल्या आदेशात, हे वेगळं करून बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर लावलेलं एक लाख डॉलरचं शुल्क अध्यक्षांच्या घोषणेतून आलं, त्यावर सभागृहात मतदान झालंच नाही. एच-फोरवरच्या, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावरच्या, काही जोडीदारांना मिळणारा कामाचा परवाना २०१५च्या प्रशासकीय नियमातला आहे, त्यामुळे तो तुलनेने नाजूक. याउलट, ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापुढे गेला असेल तर सहा वर्षांनंतरही व्हिसा वाढवून मिळतो, ही सोय २००० सालच्या कायद्यातली आहे. ती कुणाला एका सहीने काढून टाकता येत नाही. तुम्हाला धीर वाटावा अशी ही खरी गोष्ट आहे.

रांगेचं मूळही कायद्यातच आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि एका देशाला त्यातली ढोबळमानाने ७ टक्के. ही देशवार मर्यादा काढण्याचं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, म्हणजे दोन्ही पक्षांची मतं पडली. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही मंजुरी दिली, पण वेगळ्या मसुद्याला. दोन्हींचा मेळ बसण्याआधीच जानेवारीत त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक मेलं. आपल्याकडे दोन सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठकीची वाट आहे. २००२ मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा तसाच मंजूर झाला. अमेरिकेत ती वाट नाही. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या वेळी विरोधापेक्षा वेळेनेच जास्त घात केला.

एक धोका तुमच्या मित्रांच्या बोलण्यात आलेला दिसत नाही. सभागृह आणि अध्यक्ष यांची पैशावरून जुंपली की सरकारी कामकाज बंद पडू शकतं. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या टाळेबंदीत तर दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडेच होती. अडलं ते सिनेटमधल्या ६० मतांवर. तेव्हा एच-वन-बीसाठी आधी लागणारी कामगार खात्याची मंजुरी काही आठवडे ठप्प झाली होती. विरोधकांकडे एक सभागृह गेलं तर असे प्रसंग वाढण्याची भीती मला वाटते. म्हणून व्हिसाची मुदतवाढ, कंपनी बदलणं, भारतात येऊन पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का मारून घेणं, यातलं जे मुलीच्या हातात आहे ते तिने शेवटच्या महिन्यावर ठेवू नये. सरकारी खर्चाच्या मंजुरीची मुदत बहुधा ३० सप्टेंबरला संपते, तो काळ तिने विशेष जपावा.

तुम्ही पत्रात मुलीची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला तिचा नंबर ठरवणारी तारीख, लिहिलेली नाही, आणि अर्ज नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या ईबी-टू गटात आहे की ईबी-थ्रीमध्ये तेही नाही. परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये भारताच्या रकान्यात दोन्हींच्या तारखा वेगळ्या असतात. हे दोन तपशील कळवलेत, तर रांग सध्या कुठे आहे ते पुढच्या अंकात नेमकं सांगता येईल.