शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी पोटात सोडणारी नळी) बसवून पाच आठवडे झालेत, बाळाला दोन दिवस ताप आहे. पेडण्यात घरीच औषध देऊन वाट पाहावी का?

नाही, वाट पाहू नका, आजच बाळाला घेऊन बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जिथे शंट बसवला तिथे जा. वाहन नसेल तर १०८ला फोन करा. मी न्यूरोसर्जरी वॉर्डात परिचारिका आहे. शंटचा संसर्ग बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच होतो. आपल्या कातडीवर एरवी निरुपद्रवी राहणारे स्टॅफिलोकॉकस जंतू नळीला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर करतात. त्या थरात औषध नीट पोचत नाही, म्हणून अनेकदा शंट काढून, तात्पुरती बाहेरची नळी लावून, शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं आणि मेंदूतलं पाणी जंतुमुक्त झाल्यावरच नवा शंट बसतो.

निघण्यापूर्वी उजेडात कानामागून मानेवर, छातीवर, पोटापर्यंत नळीच्या वाटेवर बोट न दाबता पाहा: लाली, सूज, टाक्यांतून ओल? टाळू फुगलेली, उलट्या, बाळ सुस्त, किंवा आकडी आली असेल तर तासाभराचाही उशीर नको.

घरात उरलेलं अँटिबायोटिक मात्र कृपा करून देऊ नका. नमुना घेण्याआधी ते पोटात गेलं तर कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जंतू अनेकदा सापडत नाहीत आणि मग नेमकं औषध निवडणं कठीण होतं.

प्रत्येक ताप शंटचाच नसतो. सर्दीचा किंवा लसीचाही असू शकतो. पण ते तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवायचं. डिस्चार्जचा कागद आणि लसीचं कार्ड सोबत घ्या.